खिडकीवर कोणी नसताना

प्रणिता गेल्याचा फोन आला तेव्हा माझी भट्टी चाळीस वातावरणांच्या दाबावर होती. साध्या हवेच्या चाळीस पट दाबावरची भट्टी सोडून उठता येत नाही.

सकाळीच ती चंदाताईंबरोबर वरोऱ्याला गेली होती. चंदाताई आमच्या शेजारीण. छातीचा फोटो काढायचा आणि परत यायचं, एवढंच काम होतं. जाताना मला म्हणाली, "तुम्ही दाणा टाकून ठेवा जी. दाब चढवा, कोमट करा. दुपारी येऊन पाहते मी." आमच्या कामात साडेतीनशे अंश म्हणजे कोमट. मी कोळशाचा दाणा टाकला, दाब चढवला, साडेतीनशेपर्यंत आच नेली आणि थांबलो. पुढचं पाहायचं काम तिचं होतं.

फोनवर आधी चंदाताई होत्या. "भाऊजी, तुम्ही या," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मग डॉक्टरांनी फोन घेतला. फोटोच्या रांगेत बसल्या बसल्याच ती गेली होती.

मी आच बंद केली. दाब सोडायचा वॉल्व्ह थोडा उघडला. तो जास्त उघडला तर भट्टीच्या खिडकीची काच तडकते, म्हणून दाब हळूहळूच सोडावा लागतो. हे मी सगळ्या नव्या लोकांना शिकवत आलो होतो. आता दाबाच्या काट्यासमोर उभा राहिलो. काटा उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. मी रडलो नाही, कारण मला काटा पाहायचा होता. काटा खाली आल्यावर भट्टी उघडली, चिमट्यानं दाणा काढला आणि बाटलीत ठेवला. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या असतात ना, प्रणिता त्यांत दाणे ठेवायची. बूच लावलं आणि मग वरोऱ्याला निघालो.

---

आमचं काम काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आता कोळसा जाळून वीज करणं जवळजवळ संपलं आहे. आमच्या भागात खाणींच्या मातीच्या जुन्या ढिगांवर सोलरच्या पाट्या आहेत आणि त्यांच्याखाली शेळ्या चरतात. पण कोळसा संपलेला नाही. वर्धा नदीच्या काठावर आमचा जो प्रकल्प आहे, त्यात कोळशाचा गॅस करतात. मोठ्या बंद टाकीत कोळसा टाकायचा आणि खालून वाफ व थोडा ऑक्सिजन सोडायचा. ऑक्सिजन पुरता मिळत नाही, म्हणून कोळसा नीट जळत नाही. तो वाफेशी मिळून गॅस होतो. त्या गॅसचं पुढे खत होतं, मिथेनॉल होतं. या टाकीला गॅसिफायर म्हणतात. दाब वाढवला की तेवढ्याच टाकीतून कितीतरी जास्त गॅस निघतो, म्हणून आमचा गॅसिफायर चाळीस वातावरणांवर चालतो.

अडचण एवढीच की दाबाखाली कोळसा वेगळा वागतो. कोळशाचा दाणा तापला की आधी पाणी जातं. मग चारशे अंशांच्या आसपास काही कोळसे मऊ होतात आणि आत डांबरासारखी वाफ तयार होते. साध्या हवेत ती वाफ बाहेर पळते आणि दाणा तसाच राहतो. पण बाहेरून चाळीस पट दाब असला की वाफेला बाहेर पडता येत नाही. ती आतच राहते, दाणा आणखी मऊ करते आणि मग त्याला फुगवते. तेलात टाकलेली पुरी फुगते तसा. फुगलेले, मऊ झालेले दाणे एकमेकांना चिकटतात आणि टाकीत त्यांचा एक गोळा होतो. गॅसला वाट राहत नाही. मग टाकी बंद करून आत माणसं उतरवून तो गोळा फोडावा लागतो. साध्या हवेत कधीच न चिकटणारा कोळसासुद्धा दाबाखाली चिकटतो. त्यामुळे कोणता कोळसा काय करील, हे आधी कळायला पाहिजे.

त्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत एक छोटी भट्टी होती. ती एका वेळी एकच दाणा तापवायची. तिला करंगळीच्या नखाएवढी खिडकी होती आणि तिची काच नीलमाची होती, कारण साधी काच तेवढा दाब सोसत नाही. प्रणिता पहिल्यांदा तिथे आली तेव्हा म्हणाली होती, "घरी खिडकीला धड पडदा नाही, अन् इथं नीलम."

ती रसायनशास्त्राची एम.एस्सी. होती. मी आयटीआयचा. मी भट्टी सांभाळायचो आणि ती खिडकीतून पाहायची. एकाच खोलीत वर्षानुवर्षं नवरा-बायको काम करतात म्हणून लोक हसायचे. "घरी भांडण झालं की दोघांनाही कामावर यायला उशीर होते," असं कँटीनमध्ये बोलायचे. ते खरंच होतं.

खिडकीतून पाहून प्रणिता दाण्याला नाव द्यायची. जो फुगत नाही, चिकटत नाही, शांतपणे गॅस होतो, तो समजूतदार. फुगतो तो पोटफुग्या. पाण्याची वाफ सोडूनही ज्याचं काही होत नाही आणि नुसता राख धरून बसतो, तो रुसका. चिकटणारा तो चिकटच. त्याला वेगळं नाव द्यायची गरज तिला वाटली नाही. ही नावं ती गंमत म्हणून देत नव्हती. ती म्हणायची, "आकडे काय, कोणीही लिहून घेते. स्वभाव कळला पाहिजे."

तिचे हे निकाल आणि दाण्याची चित्रं एका मोठ्या संगणकात जायची. त्याला आम्ही जुळा म्हणायचो. खऱ्या गॅसिफायरची हुबेहूब नक्कल त्याच्या आत चालू असायची. खाणीतून कोळसा यायच्या आधीच जुळा सांगायचा की तो टाकीत गेल्यावर काय होईल. जुळ्यानं तिची नावंही उचलली होती. कंट्रोल रूमच्या पडद्यावर सकाळी लिहून यायचं, "आजचा माल: बहुतेक समजूतदार, थोडा रुसका." ओडिशातल्या एका प्रकल्पानं आमचा जुळा घेतला, तर तिथले लोकही "रुसका" म्हणायला लागले. हे कळलं त्या दिवशी प्रणितानं घरी शिरा केला होता.

---

ती गेल्यावर साधारण चार महिन्यांनी गॅसिफायर बंद पडला.

नव्या खाणीच्या खालच्या थरातला कोळसा पहिल्यांदाच टाकला होता. त्या थराचे नमुने प्रणितानं शेवटच्या वर्षभरात तपासले होते. जुळ्यानं पडद्यावर "समजूतदार" लिहिलं आणि टाकीत मात्र आमच्या प्रकल्पानं आजवर पाहिला नव्हता एवढा मोठा गोळा झाला. कोणाला इजा झाली नाही. पण खताचं उत्पादन बरेच दिवस थांबलं.

सालोडकर साहेबांनी मला बोलावलं. ते प्रकल्पाचे प्रमुख. माणूस वाईट नाही. प्रणिताच्या तेराव्याला ते मागच्या रांगेत जमिनीवर बसून जेवले होते.

"हेमराज, बसा," ते म्हणाले. "मी बाईंचे शेवटच्या वर्षाचे निकाल पाहिले. एकाच पोत्यातले दाणे आणि एक समजूतदार, दुसरा पोटफुग्या. काही मेळच नाही."

"तिलाही मेळ लागत नव्हता साहेब. ती म्हणायची, या कोळशाचा स्वभाव कळून नाही राहिला."

"त्या आजारी होत्या," साहेब हळूच म्हणाले. "लक्ष राहत नसेल. होतं माणसाचं. त्यांना कोणी दोष देत नाही."

साहेबांनी समोरचे कागद एकत्र केले.

"पण एकदा शंका आली की मला सगळंच काढावं लागतं. जुळ्यातून त्यांचे सगळे निकाल काढून टाकू. नावंसुद्धा. नव्यानं आकड्यांत शिकवू. एक नवीन इंजिनीअर येते आहे, तिच्याकडून खालच्या थराचे नमुने परत तपासून घेऊ. ते झालं की ती छोटी भट्टीही बंद करू. जुनीच झाली आहे."

मी बाहेर आलो. तिच्या कपड्यांचं कपाट मी तोवर उघडलं नव्हतं. घरातलं मला जसं जमेल तसं मी करणार होतो. पण जुळ्यातून तिला काढायचं दुसऱ्या कोणी ठरवलं होतं आणि कारण काय, तर तिचं लक्ष नव्हतं. घरी दूध उतू जाऊ द्यायची ती, ते खरं आहे. पण खिडकीवर बसली की तिला हाक मारली तरी ऐकू यायची नाही.

---

नवीन इंजिनीअरचं नाव मोनल कुळमेथे. राजुऱ्याकडची पोर. पहिल्या दिवशी आली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग सर."

"मला सर म्हणू नको. मी आयटीआयवाला आहे."

"मग काका?"

"काका चालते."

खिडकीसमोर प्रणिताचं उंच स्टूल होतं. मोनल त्यावर बसायला गेली, तेव्हा मी पटकन ऑफिसातून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. ती खुर्ची एवढी बुटकी की पोरीला मान वर करून खिडकीत पाहावं लागलं. दोन दिवस तिनं तसंच पाहिलं. तिसऱ्या दिवशी मानेला हात लावून म्हणाली, "काका, मी मरन अशानं." मी खुर्ची उचलली आणि स्टूल पुढे केलं.

खोलीत दुसरंही एक स्टूल होतं, दाराजवळ. तिथे वारा लागायचा. तिकडे तिनं पाहिलं.

प्रणिताच्याच बाटल्यांतले उरलेले दाणे आम्ही तपासायला घेतले. मी आच वाढवायचो, ती पाहायची. चारशेच्या पुढे गेलं की दाण्याची कड आधी चमकायची, मग तो गोल व्हायचा, मग टम्म फुगायचा. पहिला फुगला. दुसरा फुगला. त्या आठवड्यात एकही दाणा असा निघाला नाही जो फुगला नाही. प्रणितानं ज्या बाटलीवर समजूतदार लिहिलं होतं तिच्यातलेही फुगले.

"लिहून टाक," मी म्हणालो.

"काय लिहू?"

"दिसते ते लिहावं लागते."

मोनल स्टुलावर माझ्याकडे वळली. म्हणाली, "काका, मी मावशींचे वरच्या थराचे जुने निकाल पाहिले. त्यांत एकही चूक नाही. मग याच कोळशाला काऊन चुकन?"

तिनं प्रणिताला मावशी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. ती प्रणिताला कधी भेटलेली नव्हती.

"दमली असन," मी म्हणालो. माझ्याही तोंडून साहेबांचंच वाक्य निघालं, याचा मला फार राग आला.

---

दुसऱ्या दिवशी दाणा टाकून दाब चढवला, आच वाढवत होतो, तेवढ्यात मोनलचा फोन थरथरला. कॉम्प्रेसरच्या आवाजात खोलीत काही ऐकू येत नाही, म्हणून ती बाहेर गेली. जाताना म्हणाली, "आई आहे. नागपूरचं स्थळ आणलं तिनं. आलीच."

ती काही लवकर आली नाही. खोलीच्या काचेतून ती मला व्हरांड्यात फेऱ्या मारताना दिसत होती. एकदा कपाळावर हात मारला, एकदा हसली. मग आत आली आणि स्टुलावर बसली.

"आई म्हणते, पोराला कोळशाचं काही वाटत नाही. मी म्हटलं, कोळशाला पोराचं वाटलं पाहिजे ना. चला काका."

मी आच वाढवली. चारशे झाले. दाण्याची कड चमकली नाही. चारशे पन्नास झाले, पाचशे झाले. दाणा होता तसाच राहिला. कडेनं बारीक बारीक भेगा पडल्या आणि त्यांतून वाफ निघत राहिली. तो फुगला नाही. पुढे भट्टीत पाण्याची वाफ सोडल्यावर तर तो हळूहळू लहान होत गेला. साबण झिजतो तसा.

मोनलनं खिडकीवरून डोळा काढला. "हा कोणत्या बाटलीतला?"

"त्याच."

"चुकून वरच्या थराचा तर नाही?"

"मी दाणे मिसळत नाही पोरी."

"मग आचेचं काही केलं तुमी?"

"काही नाही. तू नव्हतीस म्हणून थांबलो होतो."

"थांबलो म्हणजे?"

"आच होती तिथंच धरून ठेवली. खिडकीवर कोणी नसलं की मी कोमटच्या पुढे आच वाढवत नाही. पाहणाऱ्याचं काही निसटू नये म्हणून."

"किती वेळ धरली?"

"तुझ्या आईचं बोलणं चाललं तेवढा वेळ."

ती उठली, संगणकावर त्या दाण्याची चित्रं लावली आणि मागेपुढे करून पाहिली. "हे तर यात दिसतच नाही," ती म्हणाली. "थांबलेला वेळ यात कुठंच नाही."

तो दिसणारही नव्हता. चित्रं साठवायची जी पद्धत बसवून दिली होती, तिच्यात दर पाच अंशांनी एक चित्र निघायचं. जागा कमी लागावी म्हणून. आच वाढली की चित्र. आच एकाच जागी थांबली तर चित्र नाही, मग ती दोन मिनिटं थांबो की अर्धा तास. जुळ्याच्या लेखी साडेतीनशेनंतर लगेच तीनशे पंचावन्न यायचे. मधे काही घडलं, हे त्याला कधी कळलंच नाही.

"काका, परत करू," मोनल म्हणाली. "मी बाहेर जाते. तुमी थांबा."

"आईला फोन लाव परत."

"आता लावला तर साखरपुडाच करून टाकन ती."

ती नुसतीच व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. मी आच धरून ठेवली. ती आत आली, मी आच वाढवली. दाणा फुगला नाही. मग न थांबता एक केला, तो फुगला. पुन्हा थांबून केला, नाही फुगला. संध्याकाळपर्यंत आम्ही असंच करत होतो. त्या पोरीनं जेवणाचा डबाही उघडला नाही.

मग तिनं मला कागदावर चित्र काढून समजावलं. आच सरसर वाढवली की दाणा मऊ व्हायच्या आत वाफेला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. पण चारशेच्या अलीकडे थोडं थांबलं तर आतले लहान लहान कण एकमेकांत गुंततात, दाणा आतून आवळतो, आणि वाफ भेगांतून हळूहळू निघून जाते. मग पुढे कितीही तापवलं तरी तो मऊ होत नाही. "असं असावं," ती म्हणाली. "पाहिलं पाहिजे. पण कोळसा तोच आहे काका. फक्त त्याला थांबू दिलं."

---

घरी जायला निघालो तेव्हा मोनल फाटकापर्यंत बरोबर आली. सायकलचं कुलूप काढता काढता तिनं विचारलं, "काका, मावशी खिडकीवरून उठायच्या का मधून?"

"आधी नाही."

"मग कधी?"

"उशीर झाला," म्हणालो आणि निघालो. पण मला सगळं आठवायला लागलं होतं.

चारशेच्या पुढे डोळा हलवता येत नसे, म्हणून पाणी प्यायचं, पाय मोकळे करायचे ते त्याआधीच. पहिली दहा वर्षं ती उठतच नसे. शेवटच्या वर्षी उठायला लागली. "जरा वारा घेते जी," म्हणायची आणि दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसायची. हात गुडघ्यांवर ठेवायची. खांदे वर-खाली व्हायचे. मी विचारायचो, "काय होते?" ती म्हणायची, "काही नाही. कॉम्प्रेसरनं उकडून राहिलं." मला उकडत असेच, म्हणून मला ते पटायचं. मी आच धरून बसायचो. ती परत आली की पुढे न्यायचो. मग दाणा शांत राहायचा आणि ती खूश होऊन लिहायची, समजूतदार.

ज्या दिवशी तिला बरं वाटत असे, त्या दिवशी ती उठत नसे. त्या दिवशी दाणे फुगायचे. मग ती कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "कालचा तर नीट होता. याचा स्वभावच कळत नाही."

कोळशाचा स्वभाव एकच होता. फरक तिच्या श्वासात होता. ज्या बाटल्यांवर समजूतदार लिहिलं आहे, त्यांतला जो दाणा तिनं तपासला, तो तपासताना ती दर वेळी दाराजवळ जाऊन बसली होती. मोनलला हे सांगायला मला दोन दिवस लागले. सांगितलं तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग म्हणाली, "म्हणजे मावशींचं लक्ष होतं."

"हाव," मी म्हणालो. "लक्ष होतंच."

---

सालोडकर साहेबांनी सगळं दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा स्वतः भट्टीवर आले, शर्टाच्या बाह्या वर करून. खिडकीत त्यांनी एक दाणा फुगताना पाहिला आणि एक न फुगताना. न फुगणाऱ्याच्या वेळी मी त्यांना म्हणालो, "साहेब, तुम्ही बाहेर जाऊन चहा पिऊन या." ते गेले. परत आले तेव्हा दाणा तयार होता.

"मी चहा प्यायलो म्हणून कोळसा सुधारला," ते म्हणाले. "हे वरच्या ऑफिसला कसं लिहू?"

मोनल हसली. मलाही बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

पुढचं काम मग भराभर ठरलं. गॅसिफायरमध्ये कोळसा वरून पडतो आणि खाली जाता जाता झपाट्यानं तापतो. तिथे थांबायला जागा नाही. म्हणून वरच्या बाजूला एक वेगळी खोली बांधायची. तिथे कोळसा दाबाखाली, चारशेच्या अलीकडे, थोडा वेळ राहील आणि मग खाली सोडायचा. तिला काय म्हणायचं यावर बैठकीत चर्चा झाली. कोणी 'पूर्वतापन कक्ष' म्हटलं. मोनल म्हणाली, विसावा. तेच राहिलं.

साहेब मला म्हणाले, "या पद्धतीला बाईंचं नाव देऊ. प्रणिता पद्धत. सगळ्या देशात जाईल. शोधनिबंधही त्यांच्या नावानं पाठवू."

मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू. त्या रात्री झोपेपर्यंत तेच नाव डोक्यात होतं. पण सकाळी मी साहेबांना नको म्हणालो.

"काऊन? त्यांच्यामुळेच झालं ना हे?"

"झालं साहेब. पण तिनं ते पाहिलं नाही. दाणा थांबलेला असायचा तेव्हा ती खिडकीवर नसायची. न पाहिलेलं तिनं कधी लिहिलं नाही. ते तुम्ही तिच्या नावावर लिहू नका."

साहेबांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. "मग काय करू?"

"तिचे निकाल राहू द्या. नावंही राहू द्या. शेवटच्या वर्षाच्या दाण्यांपुढे एवढंच लिहा की हे थांबवलेले होते."

ते मान्य झालं. आता जुळ्याच्या पडद्यावर खालच्या थरासाठी असं येतं: "मूळ पोटफुग्या. विसाव्यानंतर समजूतदार." परवा ओडिशाहून एका माणसानं फोन करून विचारलं की विसावा म्हणजे काय. मोनलनं त्याला हिंदीत समजावून सांगितलं. बराच वेळ सांगत होती. भट्टीत दाणा होता. मी आच धरून बसलो.

छोटी भट्टी बंद झालेली नाही. चित्रांची पद्धत बदलली आहे. आता आच थांबली तरी चित्र निघतं. दाराजवळचं स्टूल तिथेच आहे. मोनल दुपारी त्यावर बसून डबा खाते आणि मला लग्नाचं सांगते. नागपूरचं स्थळ तिनं नाकारलं. मुलगा तिच्या कामाबद्दल सगळं ऐकून शेवटी म्हणाला होता, "म्हणजे तुम्ही दिवसभर नुसतं पाहत बसता?"

एक काम राहिलं आहे. प्रणिता गेली त्या दिवशी मी टाकलेला दाणा बाटलीत आहे. सकाळपासून फोन येईपर्यंत तो साडेतीनशेवर थांबलेला होता. एवढा वेळ दुसरा कोणताच दाणा थांबलेला नाही. मोनल म्हणते, तो कापून आत पाहिलं तर थांबण्यात नक्की काय होतं ते कळेल, आणि विसाव्याची खोली केवढी बांधायची तेही ठरेल. ती दोनदा विचारून गेली. मी उद्या देतो म्हणालो.

अजून दिलेला नाही.